पहिल्या दिवशी मशीन लागलं नाही, तर काळजी करू नका

प्रश्न थोडक्यात असा: आई ५६ वर्षांची. तासगाव तालुक्यात स्वतःची दोन एकर द्राक्षबाग, शिवाय टोळीबरोबर दुसऱ्यांच्या बागेतही जाते. चार-पाच महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो, आता वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. साखर आहे, गोळ्या चालू आहेत. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'फिजिओथेरपी घ्या' एवढंच चिठ्ठीवर लिहिलं. शेजारणीनं सांगितलंय की तिथं करंट देतात आणि हात पिरगाळतात, त्यामुळे ती यायला तयार नाही. पहिल्या दिवशी नक्की काय होतं? कपडे काढावे लागतात का? किती दिवस यावं लागेल?

तुमच्या आईंची भीती मला चांगली ओळखीची आहे. सांगलीत मी एकवीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि 'करंट' या शब्दापायी दारातच थबकलेल्या बायका आठवड्याला दोन-तीन तरी बघते. म्हणून आधी तेच सांगते. घरातल्या बोर्डाला ओला हात लागल्यावर बसतो तसला झटका इथं नसतो. आयएफटी किंवा टेन्स नावाच्या मशीनचे पॅड कातडीवर लावतात आणि त्या जागी मुंग्या आल्यासारखं वाटतं. किती वाढवायचं ते पेशंटनंच सांगायचं असतं. 'बास' म्हटलं की तिथं थांबायचं, हा आमचा नियम. त्यानं दुखणं काही वेळ हलकं होतं. आखडलेला खांदा मात्र त्यानं सुटत नाही, तो सुटतो हालचालीनं आणि व्यायामानं. त्यामुळे पहिल्या दिवशी मशीन लागेलच असं नाही.

हे मुद्दाम आधी लिहिते आहे. कवठेमहांकाळहून, जतहून माणसं दोन एसट्या बदलून येतात आणि जाताना बाहेरच्या बाकावर बोलतात ते माझ्या कानावर येतं, "एवढ्या लांबनं आलो, बाईंनी तासभर नुसतं विचारलं आन् हात वर-खाली करायला लावलं, मशीन काय लावलंच न्हाई." मला त्यांचा राग येत नाही. शेक, मशीन, पट्टा म्हणजेच फिजिओथेरपी असं त्यांना आजवर दिसत आलंय. पण तो तास वाया गेलेला नसतो. पुढचे दोन-तीन महिने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे त्याच तासात ठरतं. उलट कुणी चिठ्ठी बघून, एक प्रश्न न विचारता, आईंना थेट पलंगावर झोपवून मशीन लावलं, तर मला जास्त काळजी वाटेल.

पहिल्या भेटीला पाऊण तास ते तास लागतो. त्यातला निम्मा वेळ बोलण्यात जातो. दुखणं कधी सुरू झालं, कशानं वाढतं, कशानं थांबतं, रात्री जाग येते का, सकाळी किती वेळ आखडल्यासारखं वाटतं, मुंग्या हातात कुठपर्यंत जातात, हे सगळं मी विचारते. आपल्याकडे माणसं दुखणं न सांगता थेट निदान सांगतात. 'मणक्यात गॅप पडलाय', 'गुडघ्यातलं वंगण संपलंय', 'नस दबलीय'. कुणीतरी कधीतरी तसं सांगितलेलं असतं आणि ते मनात घट्ट बसलेलं असतं. मी म्हणते, ते जरा बाजूला ठेवा आणि मला फक्त एवढं सांगा, काल दिवसभरात कुठलं काम करताना 'आई गं' झालं?

त्या प्रश्नानं काय हाती लागतं ते एका बाईंच्या गोष्टीतून सांगते. त्या तुमच्याच भागातल्या, खांदा दुखतो म्हणून आलेल्या. मी म्हटलं, विरळणी कशी करता ते मला इथंच करून दाखवा. त्या उठल्या, पदर खोचला, छताच्या पंख्याखाली उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर नेऊन न दिसणाऱ्या घडातले मणी न दिसणाऱ्या कात्रीनं काढायला लागल्या. हात नीट वर गेले होते, अगदी कानापर्यंत. पण मान पूर्ण मागं पडली होती. अर्ध्या मिनिटात त्यांनी उजवा हात झटकला, म्हणाल्या, "ह्ये बघा, आल्या मुंग्या." म्हणजे दुखणं खांद्यात जाणवत होतं, पण ते येत होतं मानेतून. मांडवाखाली आठ-आठ तास मान मागं टाकून उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? चार महिने त्या खांद्याला शेक घेत होत्या.

म्हणून आईंना सांगा, आपलं काम बाईंना करून दाखवायला लाजू नका. विरळणी, डिपिंगला घड भांड्यात बुडवताना हात कसा धरता, छाटणीची कात्री कुठल्या हातात असते, चाऱ्याचा भारा कुठल्या खांद्यावर घेता, सगळं दाखवा. मिरजेतल्या सतार बनवणाऱ्या कारागिरांना मी जमिनीवर मांडी घालून बसायला लावून बघते. मार्केट यार्डातला हमाल पोतं पाठीवर कसं घेतो ते त्याच्याकडूनच समजून घेते. पुस्तकातलं ज्ञान आहेच, पण त्या माणसाच्या कामाला लागू झालं तरच ते कामाचं.

आणखी एक विनंती, ही तुम्हाला. आईंबरोबर जरूर या, पण उत्तरं त्यांना देऊ द्या. मुलगा सोबत असला की मी आईला विचारते आणि उत्तर मुलाकडून येतं, "ती कुणाचं ऐकत न्हाई, सारखी काम करती." आई गप्प बसते. आमच्या बायकांची दुखणं सांगायची सवयच मोडलेली आहे. शून्य ते दहा असा अंदाज विचारते, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. उत्तर येतं, "दुखतंय की, पर चालतंय." मग मी विचारते, वेणी कोण घालतं? ब्लाउजचे हुक कोण लावतं? त्यावर कधीकधी डोळ्यांत पाणी येतं. चार महिने सुनेकडून वेणी घालून घ्यावी लागणं हे त्या बाईला दुखण्यापेक्षा जास्त लागलेलं असतं. मला ते कळणं गरजेचं आहे, कारण मग आमचं पहिलं उद्दिष्ट तिथंच ठरतं: स्वतःची वेणी स्वतः घालायची.

फाइलबद्दल थोडं. आपल्या भागाला दवाखान्यांची कमी नाही. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं इथं येतात. त्यामुळे येणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा जाडजूड पिशवी असते. ती आणा, मी सगळी बघते. पण एमआरआयमधला प्रत्येक शब्द म्हणजे आजार असं समजू नका. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या मणक्यांची छायाचित्रं तपासणाऱ्या बऱ्याच अभ्यासांचं एक संकलन २०१५ साली प्रसिद्ध झालं. त्यात विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या मणक्याच्या गादीत झीज दिसली आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के होतं. यातल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती. केस पांढरे व्हावेत तसा हा बदल असतो. रिपोर्टमध्ये 'डिजनरेटिव्ह', म्हणजे झीज झालेलं, असं वाचून ज्यांनी खाली वाकणंच सोडून दिलं, अशी माणसं मी पाहिली आहेत, आणि वाकणं सोडल्यामुळे त्यांची पाठ अधिकच धरलेली पाहिली आहे.

आता तपासणी. कपड्यांचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत, कारण बायका तो विचारत नाहीत आणि त्यापायी येणंच टाळतात. खांदा तपासायचा तर दोन्ही खांदे आणि पाठीचा वरचा भाग दिसावा लागतो. डावा-उजवा फरक डोळ्यांनी दिसतो, खांद्याच्या पात्यावरचा स्नायू सुकला असेल तर तोही दिसतो. त्यासाठी आईंनी ब्लाउज सैल, शक्यतो पुढून हुकांचा घालावा. पडदा ओढलेला असतो, अंगावर ओढणी किंवा चादर असते, लागेल तेवढाच भाग उघडा करायचा असतो. तपासणारे पुरुष असतील आणि संकोच वाटत असेल तर बाई फिजिओथेरपिस्ट मागायला किंवा सून-मुलीला आत ठेवायला काहीच हरकत नाही. आधी सांगून, विचारूनच हात लावायचा असतो. तसं होत नसेल तर 'थांबा' म्हणायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे. गुडघा दाखवायला येणाऱ्यांना मी फोनवरच सांगते, चुडीदार घालून येऊ नका, ती गुडघ्याच्या वर सरकत नाही.

तपासणी खरं तर आई दारातून आत येतात तेव्हाच सुरू झालेली असते. पिशवी कुठल्या हातात आहे, चप्पल काढताना भिंतीला कुठला हात टेकवला, खुर्चीवर बसताना दुखरा हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवला का, हे मी बघत असते. मग हात समोरून वर, बाजूनं वर, पाठीमागं कमरेला. किती अंश जातो ते गोनिओमीटर नावाच्या कोनमापकानं मोजून लिहून ठेवते. ताकद शून्य ते पाच या श्रेणीत मोजते.

आईंच्या बाबतीत एक तपासणी मी नक्की करेन. त्यांना पाठीवर झोपवायचं, कोपर काटकोनात वाकवून कुशीला टेकलेलं ठेवायचं आणि मनगट हळूहळू बाहेरच्या बाजूला न्यायचं, दार उघडावं तसं. आधी त्या स्वतः नेतील, मग त्यांनी हात सैल सोडायचा आणि मी नेईन. त्यांनी स्वतः नेताना हात जिथं अडतो, तिथंच माझ्या हातातही अडला, आणि शेवटाला चामड्याचा पट्टा ताणावा तसं घट्ट लागलं, तर तो बहुधा फ्रोजन शोल्डर. म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण आखडलेलं. त्या नेतात तेव्हा हात कमी जातो, पण मी नेते तेव्हा पुढं जातो, तर दुखणं बहुधा स्नायूंच्या दोऱ्यांमध्ये. या एका फरकावर पुढचा सगळा उपचार बदलतो. चार-पाच महिने, रात्रीचं दुखणं, वेणी न घालता येणं आणि त्यात साखर, यावरून मला फ्रोजन शोल्डरची शंका येते. साखर असलेल्यांना तो इतरांपेक्षा बराच जास्त होतो आणि सुटायला वेळही जास्त घेतो. पण हात लावून पाहिल्याशिवाय मी ते नक्की म्हणणार नाही.

साखरेचा विषय निघाला म्हणून माझी एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका दवाखान्यात होते. पाय दुखतो म्हणून एक आजोबा आले. गर्दी होती, मी पोटरीला गरम पॅक बांधला आणि पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांनी हूं की चूं केलं नाही. पंधरा मिनिटांनी पॅक काढला तर खाली लालभडक, संध्याकाळपर्यंत मोठा फोड. वीस वर्षांची साखर होती, पायाची जाणीव गेलेली होती, पोळतंय हे त्यांना कळलंच नव्हतं. मी विचारलं असतं तर पहिल्या मिनिटात समजलं असतं. ती जखम भरायला दीड महिना लागला आणि त्या दीड महिन्यात मी रोज त्यांच्या घरी जाऊन ती बघत होते.

तेव्हापासून कुणालाही शेक देण्याआधी मी दोन परीक्षानळ्या घेते, एकीत कोमट पाणी, एकीत गार. डोळे मिटायला सांगते आणि कातडीला टेकवून विचारते, गरम की गार? आईंना हे पोरखेळासारखं वाटेल, पण त्यांनी खरं उत्तर द्यावं, अंदाजानं नको. याच कारणासाठी पेसमेकर आहे का, शरीरात कुठं रॉड-प्लेट आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, कधी गाठीचं ऑपरेशन झालंय का, तरुण बाई असेल तर दिवस गेलेत का, हे प्रश्न येतात. कुणाला ते खासगी वाटतात. पण काही मशीन अशा पेशंटला लावायचीच नसतात.

हात पिरगाळण्याबद्दल. शेजारणीचा अनुभव खरा असणार, कारण असं करणारे आहेत. फ्रोजन शोल्डरचा पहिला टप्पा फार दुखरा असतो. त्या काळात जोर लावून हात वर ओढला तर सूज आणि दुखणं वाढतं, पेशंट रात्रभर तळमळतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. त्या टप्प्यात आम्ही दुखणं कमी करतो, झोप लागेल अशी उशीची मांडणी शिकवतो आणि सोसवेल तेवढीच हालचाल देतो. टेबलावर दुखरा हात टेकवून पुढं वाकणं, झोळीसारखा हात लोंबता सोडून हलकेच झुलवणं, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुखऱ्याला ढकलणं. दुखरा टप्पा ओसरला की ताण वाढवतो, तेव्हा थोडं दुखेल. व्यायामानंतर तास-दोन तास ठणकणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते वाढलेलंच असेल, तर मात्रा जास्त झाली, आणि ते मला सांगायला हवं. रात्रीचं दुखणं फारच असेल तर मी हाडाच्या डॉक्टरांकडे परत पाठवते. सुरुवातीच्या टप्प्यात सांध्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा चांगला उपयोग होतो, मात्र त्यानंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा ती तपासत राहावी लागते.

किती दिवस, हे कुणीही पहिल्याच मिनिटाला 'दहा सिटिंग' असं सांगत असेल तर विचारा, कशावरून? फ्रोजन शोल्डर पूर्ण सुटायला वर्षभर, कधी दोन-तीन वर्षंही लागतात. पण वेणी घालण्याइतका हात त्याच्या कितीतरी आधी जाऊ शकतो. तासगावहून रोज एसटीनं येणं, एका माणसाची मजुरी बुडवून, हे मला पटत नाही आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. पहिल्या दोन आठवड्यांत दोन-तीनदा, मग आठवड्याला एकदा, मग पंधरवड्यानं, आणि मधल्या काळात घरी दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं व्यायाम, अशी घडी बहुतेक जणांना जमते. पहिल्या दिवशी उठण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: तुम्हाला काय वाटतंय, घरी काय करायचं, आणि किती दिवसांत काय फरक दिसला पाहिजे. फीही त्याच वेळी विचारा. व्यायाम चार-पाचपेक्षा जास्त घेऊ नका, आणि आई ते करत असताना तुमच्या मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. कागदावरची चित्रं घरी गेल्यावर उलटसुलट वाटतात.

उपचार करणारी व्यक्ती कोण, हेही बघा. माझ्या पिढीनं केलेली बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची, आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र भिंतीवर असतं, नसेल तर विचारायला संकोच नको. मालिश करणाऱ्यांचा, हाडं बसवणाऱ्यांचा मला राग नाही, पण साखर असलेल्या, हाडं ठिसूळ होण्याच्या वयातल्या बाईचा खांदा त्यांच्या हाती देऊ नका.

एक गोष्ट मात्र भेटीची वाट बघण्यासारखी नसते. खांदा, विशेषतः डावा, हात न हलवता नुसतं जिना चढताना किंवा भरभर चालताना दुखत असेल, छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर माझ्याकडे येऊ नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा. तसंच तापाबरोबर सांधा लाल-गरम झाला, कारण नसताना वजन उतरायला लागलं, पडल्यानंतर हात अजिबात उचलत नाही, असं असेल तर आधी डॉक्टर. पाठदुखीवाल्यांसाठीही सांगून ठेवते, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, तर एक रात्रही थांबायचं नाही.

भेटीच्या दिवसापर्यंत आईंनी हात गळ्यात बांधून ठेवू नये, त्यानं तो जास्त आखडतो. जेवणं, भांडी, कपडे घडी करणं, खांद्याच्या खालची कामं चालू ठेवावीत. मांडवाखालची कामं तेवढी थांबवावीत. रात्री पाठीवर झोपून दुखऱ्या कोपराखाली घडी केलेली गोधडी ठेवून बघा, बऱ्याच जणींना त्यानं तीन-चार तास सलग झोप लागते. येताना जुने एक्स-रे, साखरेचा शेवटचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि चष्मा आणा. नेहमीच्या गोळ्या बंद करू नका. दुखण्याची गोळी घेतली असेल तर किती वाजता घेतली तेवढं सांगा. आणि साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी गाडीत बसू नका. भाकरी-भाजी खाऊनच निघा, इथं तासभर जाणार आहे.